दोन राजीनामे

राजीनामा ही मध्यमवर्गीयांची चैनीची वस्तू आहे. ती घेण्याची ऐपत थोड्यांची. पण दुकानाच्या काचेतून तिच्याकडे पाहत उभे राहण्याचे सुख आपण सगळेच घेतो. गेली दोन वर्षे मीही ते घेत होते. सकाळी मरोळ नाक्याला मेट्रोत बसले, की राजीनाम्याचे पहिले वाक्य मनात जुळवायचे आणि कॉलेजचे फाटक दिसले, की पुसून टाकायचे!

आमच्या कॉलेजात भांडणे होत नाहीत. भांडायला दोन मते लागतात. तेथे वरून एकच येते आणि चहाबरोबर वाटले जाते. एका कामाला तीन समित्या आहेत, पण मराठीच्या तासाला हक्काची खोली नाही. हेही सोसले असते. परंतु गेल्या मार्चमध्ये, ज्यांनी प्रकल्पाची वही दिलीच नव्हती, त्यांनाही गुण द्या, असे सांगण्यात आले. मी दिले नाहीत. ते दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने गेले.

घरी सांगितले, तेव्हा हे म्हणाले, "अगं, घराचा हप्ता पाच तारखेला येतो. तत्त्व काही तारीख पाहून येत नाही."

वर्गात टिळक-आगरकर शिकवताना त्यांच्या मतभेदांवर आपण फार बोलतो. त्यांच्या राजीनाम्यांवर फारसे बोलत नाही. १८८२ मध्ये याच मुंबईत, डोंगरीच्या तुरुंगात, दोघांनी एकत्र १०१ दिवस काढले. पुढे आपले मत 'केसरी'त मोकळेपणी मांडता येईना, म्हणून आगरकरांनी १८८७ मध्ये तो सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. तेथे वाद होता आजीव सभासदांच्या पगाराचा आणि बाहेरच्या कमाईचा. आगरकर मात्र त्याच सोसायटीत राहिले, १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये प्राचार्य असतानाच गेले. एक जागा सोडणारा माणूस दुसरी जागा मरेपर्यंत धरून राहिला. तेव्हा शहाणपण सोडण्यातही नाही आणि राहण्यातही नाही. आपले काम आपल्याला आपल्या पद्धतीने करता येते का, एवढेच पाहायचे.

मी पाहिले. वर्गात येते. मरोळ-मरोशीची, साकीनाक्याची चाळीस मुले समोर बसतात आणि तो तास अजून माझा आहे. गुणपत्रिका मात्र माझी राहिलेली नाही.

म्हणून मी प्राचार्यांना पत्र दिले : माझ्या विषयाचे गुण माझ्याच सहीने जावेत, तसे होणार नसेल, तर मला मोकळे करावे. त्यांनी ते वाचले, घडी घातली आणि "पाहू" म्हणाले. या 'पाहू'ची मुदत मी येत्या मार्चपर्यंत धरली आहे.

हे ऐकून हे काही बोलले नाहीत. रात्री घरखर्चाची वही काढून त्यांनी माझा पगार वगळून बेरीज केली. ती जमते, पण जेमतेम.