खुळखुळ्याचे बी

इतिहास शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. परंतु आमच्यातील एक उणीव पाचवीच्या एका विद्यार्थ्याने दाखविली. ते ऋण या स्मरणिकेत नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो.

त्या वर्षी स्वातंत्र्यदिनापूर्वीच्या श्रमदानात आम्ही वसतिगृहाच्या कुंपणालगतचे सारे ‘तण’ उपटविले. त्यात गुडघाभर वाढलेली खुळखुळ्याची रोपेही गेली. त्यांचे बी त्या मुलास आईने पुडीत बांधून दिले होते. आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही विचारलेही नव्हते. तो काही बोलला नाही. त्याने रोपे गोळा करून पाण्याच्या टाकीमागे ठेवली.

पावसाने उघडीप दिली. तिसऱ्या दिवशी त्या कोमेजलेल्या काड्यांवर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरे दाटीने बसली होती. “सर, वाळलं तरी येतात,” एवढेच तो म्हणाला.

कारण पुढे वाचनातून कळले. या झाडातील विषारी अल्कलॉइड नर फुलपाखरे सोंडेने शोषून घेतात. त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो आणि शत्रूपासून संरक्षणही मिळते. पी ब्लू या चिमुकल्या फुलपाखराच्या अळ्या तर याच्या कळ्या-शेंगांवर पोसतात.

पावसाळ्यात फिरणारे भिक्खू हिरवे गवत तुडवितात, लहान जीव मरतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा भगवंतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे महावग्गात आहे. हे आम्ही दरवर्षी शिकवीत होतो, आणि ऐन वर्षावासात हे घडले. ज्यांना निरुपयोगी ठरवून गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांचीच आम्ही लेकरे. तरी ‘तण’ हा शब्द आम्ही सहज उच्चारला. दुसऱ्या दिवशी परिपाठात आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली.

पुढील वर्षी सर्वांनी मिळून बी पेरले. कवच कठीण असल्याने बी दगडावर हलके घासून रात्रभर भिजवावे. पहिल्या पावसानंतर उन्हाच्या जागी, अर्ध्या पेराएवढे खोल टोकावे. शेंगवर्गीय झाड असल्याने मुळांच्या गाठी नत्र साठवितात. खत लागत नाही. पिवळी फुले सरून शेंगा खुळखुळू लागल्या की पुढील वर्षाचे बी राखावे. मात्र ते विषारी आहे. मुलांच्या तोंडात वा गुरांच्या चाऱ्यात जाऊ देऊ नये.

तो मुलगा शिकून बाहेर पडला. कुंपणालगतची पट्टी दर जूनमध्ये पेरली जाते, आणि श्रमदानापूर्वी आम्ही मुलांना प्रथम विचारतो : “हे कोणी लावले आहे का?”

नमो बुद्धाय, जय भीम.