तिच्या हातचा पहिला घास

उष्टावण झालं तेव्हा लेक सहा महिन्यांची होती. खीर आम्ही चमच्यानं भरवली. आज, आठव्या महिन्यात, ती स्वतःच्या हातानं जेवली. ताठ बसवलं, समोर बोटाएवढी उकडलेल्या गाजराची फोड ठेवली. चिमटीत सहज चेपेल इतकी मऊ.

दुसऱ्याच घासाला तिला उबळ आली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. "अगं, बोट घालून काढ!" सासूबाई धावल्या. मी त्यांचा हात धरला. खोकतेय, आवाज येतोय, म्हणजे श्वास चालू आहे; बोटानं तुकडा उलट आत जाईल. आवाजच बंद झाला असता, तर मात्र क्षणभरही थांबायचं नव्हतं: डोकं खाली ठेवून पालथं धरायचं, पाठीवर 5 थापा, मग उताणं करून छातीवर 5 दाब. मनात उजळणी चालू असतानाच तुकडा बाहेर आला आणि बाईसाहेब हसल्या.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं द्राक्षांच्या उभ्या चार-चार फोडी करत म्हणाल्या, "शेंगदाणे नकोतच ना?"

"अख्खे नकोतच. आणि वर्षाची होईपर्यंत मधही नको."

निम्मं गाजर फरशीवर पडलंय. भरवणं सोपं होतं. हात मागे घेऊन, नजर न हलवता नुसतं समोर बसणं मलाच शिकायचंय.