चौदा जणांची बोट

‘‘काऊन, आपल्या गावात पानी नाही का?’’

दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन आटोपून सगळे ओसरीवर बसले होते. मी लॅपटॉप उघडून क्रूझचे फोटो दाखवले, त्यावर मोठ्या आईची ही पहिली प्रतिक्रिया. जोरदार हशा पिकला. मीही हसले. हा प्रश्न विचारण्याचा हक्क आमच्या घरात तिच्याइतका कोणालाच नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

घर पवनी तालुक्यात, जिल्हा भंडारा. समुद्र कुठल्याही बाजूनं जवळ नाही. निमित्त होतं मोठ्या बाबांच्या ऐंशीचं. जानेवारीत त्यांना ऐंशी पूर्ण होणार. नेहमीचा कार्यक्रम ठरलेला असतो : सहस्रचंद्रदर्शन, पूजा, शाल-श्रीफळ, दीडशे पानांची पंगत. धाकट्या चुलतभावाला म्हटलं, काहीतरी हटके सुचव. तो म्हणाला, ‘‘सगळ्यांना बोटीत बसवू. तीन दिवस कोणी पळून जाऊ शकणार नाही.’’ आयडिया सॉलिड होती. पुण्यात ऑफिसात दिवसभर प्रोजेक्ट प्लॅन करत असते म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

हेडकाउंट चौदा. सगळ्यात लहान चुलतबहीण, बावीस. सगळ्यात मोठे मोठे बाबा. मधे आई-बाबा, काका-काकू, तुमसरची आत्या, दादा-वहिनी, ताई-भाऊजी, चुलतभाऊ आणि मी. ताईची दोन लहान पोरं तिच्या सासूबाई सांभाळणार होत्या, म्हणजे बोटीवर सगळे सज्ञान. निदान कागदावर.

तुम्हाला वाटत असेल, सगळ्यात कठीण काम पैशाचं. चूक! सगळ्यात कठीण तारीख. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रूझ बंद, त्यामुळे जून ते सप्टेंबर बाद. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धानाची कापणी. मग चुरणा. मग आधारभूत खरेदी केंद्रावर पोती घेऊन नंबर लावायचा, तिथून काका हलूच शकत नाहीत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई आणि झाडीपट्टीची नाटकं. काकूंच्या माहेरच्या मंडईला गेलं नाही तर वर्षभर ऐकावं लागतं. भाऊजी बँकेत, म्हणजे फेब्रुवारीपासूनच मार्च एंडचं टेन्शन. एप्रिल-मेमध्ये चुलतबहिणीची परीक्षा आणि खानदानातली लग्नं. सगळं वजा करून जानेवारीतले पंधरा दिवस उरले. योगायोगानं वाढदिवसही त्यातच.

मग रूट. मुंबई-गोवा बोटीचं कोकणातल्या लोकांना नवल नाही, त्यांच्या दोन-तीन पिढ्या बोटीनं गेल्या-आल्यात. आमच्या घरात समुद्र ‘टायटॅनिक’मध्ये पाहिलेला. अलीकडे २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ सुरू झाली आणि सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’चं ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागलं. जहाज १९९० चं, अकरा डेक, खोल्या आठशेच्या आसपास. पोरांना लक्षद्वीप हवं होतं. पण तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. लांब उभं राहतं आणि लहान बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. हलत्या बोटीत पाय टाकायचा म्हणजे आत्याच्या गुडघ्यांचं काय? परवान्याचे कागद वेगळेच. गोव्याला मुरगावच्या धक्क्यावर जहाज थेट लागतं, जिना उतरलं की जमीन. गोवा फिक्स. पोरांनी तोंडं पाडली, पण फंडा क्लिअर होता. सगळ्यात दुखऱ्या गुडघ्याला जमेल तोच रूट.

खोल्यांचं गणित तर भन्नाट. जाहिरातीतला दर एका खोलीत दोघं धरून असतो. चौघांत खोली घेतली की स्वस्त, पण वरच्या दोन बर्थ भिंतीतून खाली ओढायच्या आणि शिडीनं चढायच्या. तिथे पंचविशीतली माणसंच टाकावीत. खोली शक्यतो खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मधोमध घ्यावी, तिथे हेलकावा कमी लागतो. बाल्कनीची खोली दिसायला झक्कास, पण वरच्या मजल्यावर आणि महाग. शिवाय पोर्टचे आकार, जीएसटी, पेयं, वाय-फाय हे सगळं वेगळं. भाऊजींनी एक्सेल शीट केली तेव्हा जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा यांची ओळखदेखील पटेना!

पैसे कोणी भरायचे? कमावणाऱ्यांनी, असं मी जाहीर करून टाकलं. आत्या गप्प बसली. रात्री भांडी विसळताना म्हणाली, ‘‘माझं पेन्शन आहे ना गं.’’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी स्टीलचा एक डबा ठेवला. ज्याला जमेल त्यानं, जमेल तेवढे, नाव न लिहिता टाकायचे. कमी पडतील ते आम्ही पाच जण भरणार. अशा ट्रिपचा बेत करत असाल तर एवढं मात्र ऐका. पैशाची चर्चा ओसरीवर चौदा जणांसमोर करू नका.

आणखी एक. सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं हा हट्ट आम्ही पहिल्याच दिवशी सोडला. रात्रीचं जेवण एकत्र, बाकी ज्याचं त्याचं. पोरं डीजेला, काका पत्त्यांना, आई डेकवर स्वेटर विणायला. आणि मुंबईला एक दिवस आधी पोहोचायचं. वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर, दुपारी विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई. पण गाडी लेट झाली तर जहाज थांबत नाही.

एकच प्रश्न राहिला. कोणाला बोट लागते? चौदापैकी एकानंही समुद्र पार केलेला नव्हता. वहिनीला तर एसटीसुद्धा लागते. चुलतभाऊ म्हणाला, ‘‘रंगीत तालीम करू की! घरामागे एवढा मोठा समुद्र आहे.’’

घरामागचा समुद्र म्हणजे गोसेखुर्द. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलेलं, वैनगंगेवरचं धरण. साडेअकरा किलोमीटरच्या आसपास लांब, तेहतीस दरवाजे. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा होता, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला तोवर हिशेब कुठल्या कुठे गेला होता. पाणी टप्प्याटप्प्यानं चढत गेलं आणि नदीचा सागर झाला. त्यावर जलपर्यटनाची सरकारी योजनाही आखली गेली. आम्ही राहतो ते ‘पुनर्वसन’. त्या वस्तीचं कागदावर दुसरं नाव आहे, पण बोलताना सगळे पुनर्वसनच म्हणतात. जुनं गाव पाण्याखाली आहे. माझा जन्म तिथलाच, पण आठवणी तुटक. सुट्टीत गेलं की बोडीत डुंबायचं, एवढंच.

तालमीसाठी आम्ही अंभोरा निवडलं. भंडाऱ्याहून तासाभराच्या आत, नागपूरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. वैनगंगेला इथे कन्हान, आंब अशा नद्या मिळतात, एकूण पाच नद्यांचा संगम मानतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला अशी विदर्भाची श्रद्धा. शके १११०, म्हणजे ११८८ साल. मराठवाडा म्हणतो अंबाजोगाईला. या वादात आम्ही पडत नाही, पण घरातल्या घरात मत पक्कं आहे. आता तिथे केबलवर तोललेला साधारण सातशे मीटरचा पूलही झालाय, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला. पूर्वी पलीकडे जायला नावच. वीकेंडला पुलावर सेल्फीवाल्यांची ही गर्दी असते. जरूर जा, पण सकाळी लवकर.

पाणी लांबून निळं दिसतं. जवळ गेल्यावर कन्हानच्या बाजूनं एक उग्र वास येतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे इथवर येतं. भाऊजींचा फ्लॅट नागपुरात, त्यामुळे ‘‘तुमच्याच बाथरूमचं पाणी’’ म्हणून त्यांची दिवसभर खेचली गेली. ते हसले, पण नाकावरचा रुमाल काही काढला नाही. क्रूझच्या फोटोंत असलं काही दिसत नाही, एवढं खरं.

मोटारबोटीवर लाइफ जॅकेटं सातच निघाली. नावाडी म्हणाला, सगळे बसा, काही होत नाही. मी म्हटलं, नाही, दोन फेऱ्या. मोठे बाबा घाटाच्या पायरीवर बसले होते. ‘‘माझे गुडघे दुखतात. तुम्ही या जाऊन.’’ गंमत म्हणजे त्यांचे गुडघे घरात सगळ्यांत ठणठणीत! अजून सायकलनं पवनीच्या बाजाराला जातात. पण वाढदिवसाच्या उत्सवमूर्तीला कोण उलटून बोलणार?

पहिल्या फेरीत वहिनी, भाऊजी, आई, काकू आणि दोन्ही पोरं. वहिनीला काही झालं नाही, भाऊजींना मळमळलं! दुसऱ्या फेरीत मोठी आई, आत्या, बाबा, काका, दादा, ताई आणि मी. बोट संगम सोडून खाली उघड्या पाण्यात गेली. वारा छान होता. आत्या चक्क गुणगुणायला लागली. पाण्यातून मेलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. मी फोटो काढत होते.

मोठी आई मात्र बोट करून मोजत होती. ‘‘थो दिसते का? थो मोह. त्याच्या उजवीकडं आपली बोडी. बोडीच्या पारीवरून तुहा बाप पानीत उडी मारे.’’ आता तो मोह आमचाच की दुसऱ्या कोणाचा, कोण जाणे. गाव त्या बाजूला होतं एवढं नक्की. बाबा म्हणाले, ‘‘वहिनी, गाव बरंच पुढे आहे.’’ तिनं ऐकलंच नाही. मग इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, ‘‘त्यायचे गुडघे नाही दुखत. सही त्यायनंच केली होती ना, सगळ्यात पहिले. गाव म्हणे, तुह्या सहीनं पानी आलं. तवापासून थे या पान्यात पाय टाकत नाही.’’

आम्ही कोणी हे ऐकलेलं नव्हतं. म्हणजे आमच्या पिढीनं. बाबा आणि काकांकडे पाहिलं तर दोघंही पाण्याकडे बघत होते. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, ‘‘दादानं एकट्यानं नाही केली. आम्हीच मागे लागलो होतो. शहरात नोकऱ्या होत्या आमच्या, शेतीत कोण येणार होतं? नाव मात्र त्याचं लागलं.’’ मग माझ्या दादाकडे वळून, ‘‘१९९९ ला तुझी इंजिनीअरिंगची पहिली फी त्याच चेकमधून भरली.’’

दादा सध्या हैदराबादला आहे. क्रूझच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. तो काहीच बोलला नाही. नावाड्याला म्हणाला, परत घ्या.

घाटावर उतरल्यावर दादा सरळ मोठ्या बाबांच्या शेजारी जाऊन बसला. काय बोलले माहीत नाही. आम्ही वर देवळात गेलो, खाली आलो, डबे उघडले. चिन्नोरचा भात, पातोडीची भाजी, लाखोळीचं वरण. तरी ते दोघं तिथेच होते. जेवायला बोलावलं तेव्हा मोठे बाबा एवढंच म्हणाले, ‘‘त्या मोठ्या बोटीतून जमीन दिसते का?’’ मला खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, सुरुवातीला आणि शेवटी दिसत असेल.

त्यांच्यावर जबरदस्ती करायची नाही, असं आम्ही ठरवलं. एरवी आमच्या घरात असल्या गोष्टी ‘‘चला हो, काय होते’’ म्हणून उरकल्या जातात. ते आले नाहीत तर मोठ्या आईनं त्यांच्याजवळ थांबायचं की आमच्याबरोबर यायचं, हाही प्रश्न होता. तो तिनंच सोडवला. ‘‘मी येतो. त्यायनं गावाले मंडई पाहावी.’’ बायका स्वतःबद्दल ‘येतो’ म्हणतात, आमच्याकडे तसंच आहे.

तेरा जणांचा अ‍ॅडव्हान्स भरला. चौदावी जागा धरून ठेवलीय, पण नावाचा रकाना रिकामा आहे. उरलेले पैसे भरायच्या दिवसापर्यंत तिथे नाव टाकता येतं, एवढी सोय बुकिंगवाल्याकडून करून घेतली. मोठ्या बाबांना हे सांगितलेलं नाही. मोठ्या आईला सांगितलंय, म्हणजे त्यांना कळलंच असणार.

परवा रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. आधी पुण्याचा पाऊस, मग माझा पगार, मग लग्नाचं काय, हे सगळं रीतसर झालं. फोन ठेवता ठेवता विचारलं, ‘‘बाई, त्या बोटीवर खर्रा नेऊ देतात का?’’

जहाजाच्या नियमांचं बत्तीस पानी पुस्तक मी आता पहिल्यापासून वाचायला घेतलंय.