हात उठला की उचलला?

जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात डिसेंबर लागला की शेताशेतांत भरिताचे बेत ठरतात. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ पेटतो. हिरवी वांगी त्यात काळी होईपर्यंत भाजतात, मग साल काढून, मिरची-लसूण घालून ठेचतात. तीस-चाळीस माणसांचा हा स्वयंपाक सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरुषच करतात. घरी ज्याने तांब्याभर पाणी स्वतःच्या हाताने घेतलेलं नसतं, तो इथे पुऱ्या तळत घाम पुसत उभा असतो.

अशाच एका बेतात, बऱ्याच वर्षांपूर्वी, जाळापाशी बसलेला एक जण म्हणाला, "काल घरी जरा हात उठला भो." दोघे-तिघे हसले. एकाने मिठाची पुडी मागितली आणि बोलणं कापसाच्या भावाकडे वळलं. समाजकार्याचं शिक्षण घेतलेला, समुपदेशक म्हणवणारा मी तिथेच होतो आणि गप्प बसलो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या वाक्यापेक्षा ते हसू मला जास्त सलत होतं. घरात जे घडलं त्याची पावती त्याने आमच्यासमोर ठेवली होती आणि आम्ही हसून तिच्यावर सही केली होती.

गेली सोळा वर्षं मी पुरुषांशी या एकाच विषयावर बोलतो आहे. गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात, कुणाच्या वट्ट्यावर, कधी मळ्यात. दर पंधरा दिवसांनी आठ-दहा जण जमतात. या काळात मी जे शिकलो त्यातलं निम्मं क्रियापदांबद्दल आहे. बायकोला मारणारा पुरुष "मी मारलं" असं पहिल्यांदा कधीच म्हणत नाही. हात उठला. तोल गेला. डोकं फिरलं. तिला लागलं. झालं ते झालं. आपल्या मराठीत या सगळ्या सोयी आहेत. हात आपोआप उठतो, डोकं स्वतःहून फिरतं, आणि ज्याचा हात, ज्याचं डोकं, तो माणूस वाक्यात सापडतच नाही. तोच माणूस व्यापाऱ्याशी झालेलं भांडण सांगायला लागला की "मी त्याला असं सुनावलं, मी काटा पुन्हा लावायला लावला" असा प्रत्येक वाक्यात हजर असतो.

हे व्याकरण मला लहानपणापासून ओळखीचं आहे. आईच्या कपाळावर एक व्रण होता. "आईला तेव्हा उंबरा लागला होता," असं आम्हा भावंडांना सांगितलेलं होतं. उंबऱ्यापर्यंत ती कशी गेली, हे घरात कुणी विचारलं नाही. मी विचारलं ते वडील गेल्यानंतर, आणि तेव्हाही आई आधी स्वयंपाकघराचं दार लोटून मगच बोलली.

म्हणून आमच्या गटात उपदेश नसतो. एक काम असतं, मारण्याआधीचा तास सांगायचा. घड्याळ लावल्यासारखा, काही न गाळता. कापूस घेऊन गेलात, ओलावा जास्त म्हणून भाव कमी लागला, मग? मग फाट्यावर थांबलो. कोण होतं? काय बोलणं झालं? घरी किती वाजता आलात? ती काय करत होती? ती काय म्हणाली, तिच्या शब्दांत सांगा. इथे बहुतेक जण अडखळतात, कारण तिचे शब्द त्यांना आठवत नाहीत. "उलटं बोलली" एवढंच आठवतं. गट सोडत नाही. शेवटी निघतं ते इतकंच असतं, "पैसे किती आले, असं विचारलं तिनं." मग त्या तासात तो किती ठिकाणी वेगळं वागू शकला असता, ते बाकीचे दाखवतात. त्यांना ते दिसतं, कारण त्यांच्याही घरी तोच तास होऊन गेलेला असतो.

दारूचं कारण हमखास पुढे येतं. माझं मत यात स्पष्ट आहे आणि सोळा वर्षांत ते बदललेलं नाही. दारू सोडायला मदत जरूर करावी, पण मारहाणीचं खापर तिच्यावर फोडू नये. प्यायलेला माणूस फाट्यावर जमादाराला हात लावत नाही, सावकारासमोर आवाज चढवत नाही. सगळं गाव ओलांडून घरी येतो आणि तिथेच नेमका त्याचा तोल जातो. कुणाला मारलं तर चालतं, हे भान त्याला पूर्ण असतं. आणि दारू सुटल्यावर मारहाण सुरूच राहिलेली घरंही मी पाहिली आहेत.

पुरुषांनी हे काम आपलं मानावं, ही कल्पना माझी नाही. १९९१ मध्ये मुंबईत सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने इंडियन एक्स्प्रेसमध्ये एक जाहिरात दिली होती. बायको मारण्यासाठी नसते असं मानणारे पुरुष हवेत, असा तिचा आशय होता. २०५ पुरुषांची उत्तरं आली. समाजकार्य शिकलेले तरुण हरीश सदानी त्यांतलेच. त्यातून १९९३ मध्ये 'मावा', म्हणजे मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज, ही संस्था उभी राहिली. तिचा 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक १९९६ पासून निघतो. मर्दानगी, लैंगिकता, बापपण यांवर पुरुषांनी मराठीत मोकळेपणाने लिहावं, यासाठीच तो आहे. मी विद्यार्थी असताना एका ग्रंथालयात त्याचा एक जुना अंक हाती लागला आणि उभ्या उभ्या वाचून काढला. पुण्यात 'पुरुष उवाच' हा गट होता. स्त्री-चळवळीतल्या विद्या बाळ आणि नारी समता मंचानेही पुरुषांशी संवादाचं दार उघडलं. 'मावा'ने २००६ मध्ये पुण्यात कॉलेजच्या मुलांसाठी 'युवा मैत्री' सुरू केलं आणि पुढे ते इतर जिल्ह्यांत नेलं. गाणी, पथनाट्यं, निवासी शिबिरं, आणि शिबिरानंतर त्याच मुलांनी आपल्या कॉलेजात इतर मुलांशी बोलणं, अशी ती पद्धत. लग्नाआधीच बोलावं हा तिचा गाभा मला पटतो. चाळिशीतल्या माणसाचं एक वाक्य बदलायला मला जितका वेळ लागतो, तितक्यात एकोणीस वर्षांच्या मुलाशी बरंच काही बोलून होतं.

जाहिरातीच्याच वर्षी कॅनडात पुरुषांनी पांढऱ्या फितीची मोहीम सुरू केली. तिला निमित्त होतं ते असं: ६ डिसेंबर १९८९ रोजी मॉन्ट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका बंदूकधाऱ्याने १४ स्त्रियांना ठार मारलं होतं. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे सोळा दिवस जगभर स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पाळले जातात. आमच्याकडे तेव्हाच भरिताचे जाळ पेटू लागतात, म्हणून वर्षातली एक बैठक आम्ही मुद्दाम मळ्यातच घेतो.

पण ही गोष्ट पुरुषांपासून सुरू होत नाही, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. आमच्या तालुक्याची शीव ओलांडली की बुलढाणा जिल्हा लागतो. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं आणि दोषांची यादी पुरुषांसमोर धरली. त्यांच्यावर टीकेची झोड उठली तेव्हा जोतीराव फुले उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. आमचं काम हे असं आहे. तिने बोलायचं, आपण तिच्यामागे उभं राहायचं आणि आपल्या माणसांकडे तोंड करायचं. इकडे पश्चिमेला अंमळनेरला साने गुरुजींनी १९२४ पासून काही वर्षं मुलांना शिकवलं, वसतिगृहात आजारी मुलांची सेवा केली. त्यांच्या हळवेपणाची आजही चेष्टा होते. ती चेष्टा करणाऱ्यांना मी विचारतो, की आजारपणात तुमच्या उशाशी कोण बसलेलं तुम्हाला हवं आहे?

या कामातला सर्वांत मोठा धोका बाहेरचा नाही. पुरुष एकत्र बसले की एकमेकांना लवकर माफ करतात. गटात रडलेला माणूस सगळ्यांना आवडू लागतो, त्याची पाठ थोपटली जाते, आणि घरी काय चाललं आहे ते कुणालाच माहीत नसतं. सुरुवातीच्या काळात मी हा घोळ केला. एकाचं कौतुक मी चार गावांत सांगत फिरलो. नंतर कळलं की गटात जे शिकला तेच तो बायकोला ऐकवत होता. "मी आता मारत नाही, माझे उपकार मान," असं म्हणून त्याने तिचं माहेर तोडलं होतं, फोन काढून घेतला होता. अंगावर वळ नव्हते, इतकंच.

तेव्हापासून एक नियम झाला. माणूस बदलला का, हे त्याला विचारायचं नाही. आमच्याबरोबर काम करणाऱ्या एक ताई त्याच्या बायकोला वेगळं भेटतात, तिला सोयीच्या जागी, आणि तिला चालत असेल तरच. ती काय म्हणाली हे त्याच्या कानावर जात नाही. गटात येतो म्हणून कुणाला चांगल्या वर्तणुकीचा कागद देत नाही, आणि समझोता घडवून आणायलाही बसत नाही. तिला तक्रार करायची असेल तर ती आधी. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. राहत्या घरातला हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्चाची रक्कम हे सगळं तिला त्यातून मागता येतं. १९८३ मध्ये आलेलं, सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे. गटात कुणीतरी खोट्या केसेसचा विषय काढतोच. मी टाळत नाही. तुमच्या ओळखीत मार खाऊनही तक्रार न केलेल्या बायका किती, हे आधी मोजा म्हणतो. मोजायला लागले की आत्या, मावशी, वहिनी, बहीण करत दोन्ही हातांची बोटं संपतात.

अलीकडे गटात लग्न न झालेले बरेच येतात. पस्तिशी ओलांडलेले, शेती असलेले. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८४२ होत्या, २००१ मध्ये ८८०. मुलींना जन्मू न देण्याची हिंसा ज्यांनी केली ते आज म्हातारे आहेत, आणि ती या मुलांच्या वाट्याला एकटेपण होऊन आली आहे. काही घरांत लांबून, पैसे मोजून सून आणतात. भाषा न कळणारी, माहेर शेकडो कोस दूर असलेली ती मुलगी "आणलेली" असते. पुन्हा क्रियापद बघा. या तरुणांचं दुःख खरं आहे, ते मी ऐकून घेतो. पण ते ज्या रागात बदलत चाललं आहे त्याची मला काळजी वाटते, कारण हातातल्या फोनवर त्या रागाला टाळ्या वाजवणारे हवे तेवढे भेटतात. मळ्यात पूर्वी तिघे हसायचे, तिथे तीन हजार.

गटातल्या ज्या एकामुळे हे सगळं आठवलं त्याच्याविषयी, त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने, थोडं सांगतो. तो गटात आला तेव्हा हात उठत होता. सहा बैठका उठतच राहिला. सातव्या बैठकीत तास सांगता सांगता तो थांबला आणि म्हणाला, "मी उचलला. तिनं पोरगं कडेवर घेतलं होतं, तरी मी उचलला." कुणी हसलं नाही, कुणी पाठही थोपटली नाही. शेजारच्याने विचारलं, "पोरगं काय करत होतं?" त्याला ते सांगता आलं नाही. पुढच्या बैठकीला तो आला नाही, त्याच्या पुढच्या बैठकीला आला.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याची बायको माहेरी आली होती. झोके बांधलेल्या निंबाखाली ताई तिला भेटल्या. आम्ही वहीत तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहून ठेवतो. त्या दिवशीची नोंद अशी आहे: "चौदा महिने झाले, हात लावला नाही. पैसे किती आले ते आता स्वतः सांगतो. पोरगं त्याच्याजवळ झोपतं. पण माझी पिशवी, आधार कार्ड, पासबुक, पोराचा दाखला, अजून इथंच आईच्या पेटीत आहे. आणखी एक आखाजी राहू द्या म्हणते."