ओक फ्लॅटचा सौदा

मैत्रिणींनो, अमेरिकेत अॅरिझोनाला लेकीकडे गेलात, तर सुपीरियर गावाजवळचं ओक फ्लॅट लक्षात ठेवा. या माळावर अपाची बायका ओकची फळं वेचत आल्या. मुली वयात आल्याचे सोहळेही इथलेच. १९५५ मध्ये सरकारने इथे खाणबंदी केली. २०१४ च्या कायद्याने मात्र सुमारे २,४०० एकर तांब्याच्या खाणकंपनीला देऊन दुपटीहून जास्त जमीन घ्यायचं ठरलं. त्यात सॅन पेड्रो नदीकाठचं पाखरांचं रानही आलं. सौदा फायद्याचा वाटतो ना? पण बोहारणीला साडी देताना आपण नुसतं भांडंच बघतो का? साडी कुणाची, तेही बघतो! खाण झाली तर माळ खचून सुमारे दोन मैल रुंद खड्डा पडेल, असा सरकारी अहवालाचाच अंदाज आहे. विजेच्या तारांना तांबं हवं, नदीकाठही वाचायला हवा. पण आजीचा माळ नातीला दुसरीकडे कुठून मिळणार?