फुगा दिसेनासा होतो तेव्हा

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि मला पहिली काळजी वाटली ती वाचनाची नव्हे. फुग्याचा माग काढणाऱ्या दुर्बिणीला, थिओडोलाइटला, मी आयुष्यभर उजवाच डोळा लावला. आता पद्मनाभपुरातल्या माझ्या घराच्या गच्चीवरून आषाढातले ढग पाहतो तेव्हा त्यांची खालची कड विरत गेलेली दिसते. ती ढगाची की डोळ्याची, हे ठरत नाही. खरं सांगायचं तर धडधाकट डोळ्यालाही ते कधी नीट ठरवता आलेलं नाही.

पावसाळ्यात वरचा वारा मोजायला पायलट बलून, म्हणजे साधा फुगा, सोडणाऱ्या प्रत्येकाला हा पेच ठाऊक आहे. बंगालच्या उपसागरातला कमी दाब छत्तीसगडवरून सरकत असतो, आभाळ खाली आलेलं असतं आणि दोन-तीन मिनिटांत फुगा ढगात जातो. कागदावर गणित सोपं: मिनिटाला 150 मीटर चढणारा फुगा तीन मिनिटांनी दिसेनासा झाला, तर ढगाचा तळ 450 मीटरवर. पण फुगा एका क्षणी नाहीसा होतच नाही. आधी रंग जातो, मग कड जाते, मग एक करडा डाग उरतो आणि तो आहे की आपल्याला वाटतोय, हे कळत नाही. ‘गेला’ म्हणायचं कधी? दोन मुरलेले निरीक्षक दहा सेकंदांच्या फरकाने सांगतात, म्हणजे 25 मीटर तिथेच गेले. मूळ थराखाली धावणाऱ्या ढगांच्या चिंध्यांत फुगा शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो. त्यात पाऊस असला तर भिजलेला फुगा हळू चढतो आणि आपण उंची ठरलेल्या वेगानेच काढतो. तळ प्रत्यक्षापेक्षा वर नोंदला जातो. विमान उतरवणाऱ्याच्या दृष्टीने चूक नेमकी नको त्या बाजूला होते.

तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला अंशामागे 125 मीटरने गुणून तळ काढणारे पुष्कळ आहेत. 28 आणि 25 असले की 375 मीटर. जमिनीवरून तापून उठलेल्या हवेच्या ढगाला हे लागू पडतं. दुरून वाहत आलेल्या स्तरमेघाचा खालच्या हवेशी तसा संबंध नसतो. तिथे हा हिशेब लावणं मला कधीच पटलं नाही.

माझा गर्व वेगळाच होता. बाकीच्यांनी थिओडोलाइटवरून डोळा काढला तरी मला फुगा दिसत असे आणि ‘गेला’ ही हाक शेवटी देण्यात मला मान वाटे. तरुण सहकाऱ्यांनी त्याचं कौतुक करावं, अशी माझी इच्छा असे. आज डोळा गेल्यावर दुःख होतं त्यात विज्ञान थोडं आणि तो मान जास्त आहे.

मात्र एक गोष्ट मी गर्व बाजूला ठेवूनही सांगतो. पावसाळ्यातल्या फुग्यांच्या नोंदी उघडिपीकडे झुकलेल्या असतात. द्वीपकल्पावर जुलैत सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वाहणारा जोरदार पश्चिमी झोत 1966 साली पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी दाखवून दिला. मान्सून ऐन भरात असतो तेव्हा त्या उंचीपर्यंत फुगा डोळ्यांना दिसतच नाही. ज्या दिवसाचा वारा सर्वांत जास्त हवा, त्याच दिवशी रकाना कोरा.

आता सीहोरजवळ सिलखेड्याला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने (आयआयटीएम) मान्सूनच्या गाभ्यातच संशोधनकेंद्र उभारलं आहे. लेसरचा ठोका वर जाऊन परत यायला लागलेल्या वेळावरून तिथला सिलोमीटर ढगाच्या तळाची उंची सांगतो, रात्रंदिवस, न थकता. मला त्याचा आनंद आहे. पण जोराच्या पावसात त्यालाही ढग कुठे संपला आणि धारा कुठे सुरू झाल्या हे नीट उमगत नाही, आणि तो पाहतो ते फक्त डोक्यावरचं. उपग्रहाच्या चित्रावरून खालच्या ढगांविषयी ठामपणे बोलणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांना माथा दिसतो, तळ नाही.

एक विद्यार्थी अधूनमधून येतो, ‘काका, जुन्या वह्यांतले वारे संगणकावर चढवतोय,’ म्हणतो. त्याला आणि हे काम करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: वेग आणि दिशा उतरवून थांबू नका. फुगा कितव्या मिनिटाला आणि कशामुळे हरवला, ढगात गेला, फुटला की लांब गेला, तो शेरा गाळू नका. सिलोमीटर येण्याआधीच्या पावसाळ्यांत ढगाचा तळ कुठे होता, ते त्या शेऱ्यातच लिहिलेलं आहे.