कपाटांत नसलेलें औषध

एखाद्या गांवाची प्रकृति कशी आहे हें ज्याला जाणून घ्यावयाचें असेल, त्यानें तेथल्या औषधांच्या दुकानासमोर घटकाभर उभें राहावें असें मला पुष्कळ दिवस वाटत असे. पित्ताच्या गोळ्या अगदीं हाताशीं, मधुमेहाच्या त्यांच्या शेजारीं, खोकल्याचीं औषधें वरच्या फळीवर, आणि अंगदुखीचीं मलमें तर दारांतच मांडलेलीं! दुकानदार हा बहुमताचा सेवक आहे. ज्या रोगाला गिऱ्हाइकें पुष्कळ, त्याला फळी मोठी. ज्याचा रोगी वर्षांतून दोनदां येतो, त्याच्या औषधाला कपाटांत जागा नाहीं. यांत त्याचा दोष काढावा असें नाहीं. त्यालाही घर आहे, दुकानाचें भाडें आहे. मात्र त्या दोन रोग्यांपैकीं एक आपल्या घरचा निघाला, म्हणजे हा बहुमताचा न्याय फार कठोर वाटूं लागतो.

भीमेवरचें उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या पोटांत सुमारें ११७ टी.एम.सी. पाणी मावतें. सोलापूर आणि पुणे या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर हें पाणी पसरलें, आणि कित्येक जुनीं गांवें त्याखालीं गेलीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ उघडें पडतें, आणि म्हातारीं माणसें बोट करून आपल्या घराची जागा नातवंडांना दाखवितात. हिवाळ्यांत रोहित पक्षी येतात, आणि त्यांच्यामागून शहरांतले हौशी लोक गळ्यांत दुर्बिणी अडकवून येतात. वर सरकून वसलेल्या गांवांभोंवतीं, जेथें एके काळीं ज्वारी डोलत होती, तेथें आज ऊस आणि केळी उभी आहे. या उसानें घरें बांधलीं, मुलींचीं लग्नें केलीं, मुलांना कॉलेजांत धाडलें. पण उसाच्या पात्याला धार असते, आणि त्या धारेचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

चिखलठाणच्या बाजूला एका वस्तीवर माझा चुलतभाऊ राहतो. तो माझ्याहून सात वर्षांनीं वडील. आम्ही सारे त्याला आण्णा म्हणतों. गेल्या माघांत पाचट काढीत असतां त्याच्या उजव्या डोळ्याला पातें लागलें. ‘लागलंय जरासं’ एवढेंच तो वहिनींना म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. शेतकऱ्याच्या अंगावर ओरखडे नसतील तरच नवल! रात्रीं डोळ्यांत एरंडेल घातलें गेलें. दोन दिवसांनीं जवळच्या एका दुकानांतून लाली घालविणारे थेंब आले. लाली कमी झाली, ठणका मात्र वाढत गेला. पांचव्या दिवशीं बुबुळावर पांढुरका ठिपका दिसूं लागला, तेव्हां कोठें आम्ही त्याला सोलापुरास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलें.

डॉक्टरांनीं जखमेचा अगदीं अल्पसा भाग खरवडून कांचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. त्यांत बुरशीचे तंतु दिसले. शेतांतल्या मातींत आणि कुजत्या पाल्यावर वाढणारी बुरशी पात्याबरोबर डोळ्यांत शिरते, आणि बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा, त्यांत मूळ धरते. लाली घालविणाऱ्या कित्येक थेंबांत स्टिरॉइड असतें. त्यानें डोळा वरून शांत दिसतो. आंत बुरशीला मात्र रान मोकळें मिळतें. डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं चिठ्ठीवर एकच नांव लिहिलें, नाटामायसिन, पांच टक्के. आणि म्हणाले, ‘‘तासातासाला एक थेंब. रात्रींसुद्धां. बाटली आधीं चांगली हलवून घ्या.’’

या औषधाची हकीगत मीं पुढें वाचून काढली, ती सांगण्याजोगी आहे. १९५५ सालीं हॉलंडमधील डेल्फ्ट येथल्या प्रयोगशाळेंत तें सांपडलें, आणि तेंही मूठभर मातींत. ती माती दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांतून, पीटरमारिट्झबर्गच्या परिसरांतून आणलेली होती. औषधाचें आजचें नांव त्या प्रांतावरून पडलें, आणि पिमारिसिन हें जुनें नांव त्या गांवावरून. हें तेंच गांव, जेथल्या स्टेशनांत १८९३ सालीं गांधीजींना गाडींतून खालीं उतरविलें होतें. नाताळ हा उसाचा मुलूख. १८६० सालापासून आपल्याकडील मजूर तेथल्या उसाच्या मळ्यांवर राबायला गेले. उसाच्या एका मुलखांतल्या मातीनें उसाच्या दुसऱ्या मुलखांतल्या डोळ्यांवर औषध द्यावें, ही सृष्टीची दया म्हणावी कीं थट्टा, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

रुग्णालयाच्या दुकानांत त्या दिवशीं एकच बाटली शिल्लक होती. पांच मिलिलिटरची ती चिमुकली बाटली! दिवसाचे चोवीस थेंब, त्यांतले कांहीं गालावर ओघळलेले. चौथ्या दिवशीं संध्याकाळीं वहिनींनीं ती दिव्यापुढें धरली, तेव्हां तळाशीं थोडासा दुधाळ अंश उरला होता. मी सोबतीला वस्तीवरच राहिलों होतों. चिठ्ठी खिशांत घालून पुतण्याच्या मोटारसायकलवर जेऊर गांठलें. पहिल्या दुकानांत नांव वाचून मान हलली. दुसऱ्यांत तरुण दुकानदारानें कपाटाचे दोन्ही खण उपसले आणि प्रांजळपणें सांगितलें, ‘‘गुरुजी, ह्ये थेंब आम्ही ठेवतच न्हाई. वर्सातनं एखादा मागतो. मुदत संपली की घाऊकवाला परत घेईलच असं न्हाई. उद्याच्या गाडीनं मागवू का?’’ उद्यांची गाडी! येथें तासाचा हिशेब चालला होता.

करमाळ्याला फोन केला, टेंभुर्णीला केला. एका ठिकाणीं बुरशीवरचेंच दुसरें औषध होतें. ‘‘ह्ये नव्या जातीचं हाय, त्याच्यापेक्षा भारी,’’ असें तिकडून आश्वासन मिळालें. नवें तें भारी, ही समजूत आपल्या मनांत किती खोल रुजली आहे! मीं डॉक्टरांना विचारलें; त्यांनीं स्पष्ट ‘नको’ म्हटलें. कारणही सांगितलें. मदुरेच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पुढाकारानें दक्षिणेंत ३२३ रोग्यांवर या दोन औषधांची तुलना झाली होती. २०१३ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि त्यांत हें जुनें नाटामायसिनच नव्या व्होरिकोनाझोलपेक्षां सरस ठरलें. फ्युझेरियम नांवाच्या बुरशीवर तर विशेषच. २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादींत स्थान दिलें. जगाच्या यादींत जें अत्यावश्यक, तें जेऊरच्या कपाटांत नव्हतें.

अखेर तें सांपडलें इंदापुरास. वस्तीवरून पाण्यापलीकडे इंदापूर तालुक्यांतल्या गांवांचे दिवे लुकलुकतांना दिसतात. दिवे दिसतात, पण तेथें जातां येत नाहीं, ही या काठाची जुनी व्यथा आहे. दिवसा नावा चालत. परंतु २१ मे २०२४ रोजीं कुगांवहून कळाशीला निघालेली नाव वाऱ्यांत उलटून सहा जीव गेले, तेव्हांपासून पाण्याकडे पाहतांना माणसांच्या पोटांत कालवतें. रात्रीं नावेचें नांवच नको. पुतण्या टेंभुर्णीवरून, धरणाला मोठा वळसा घालून गेला आणि मध्यरात्रीनंतर परतला. तोंवर वहिनी घड्याळाकडे पाहात शेवटचे थेंब मोजीत बसल्या होत्या. एकही तास चुकला नाहीं.

आण्णाचा डोळा वांचला. बुबुळावर फूल मात्र राहिलें. त्या डोळ्यानें त्याला माणसाची आकृति दिसते, चेहरा ओळखूं येत नाहीं. डॉक्टर म्हणतात, हेंही पुष्कळ मिळविलें.

इंदापुरालाच तें औषध कां होतें, हा प्रश्न माझ्या मनांत बरेच दिवस घोळत राहिला. उत्तर साधें निघालें. त्या दुकानाशेजारीं डोळ्यांचे डॉक्टर बसतात. तें नांव त्यांच्या चिठ्ठीवर अधूनमधून येतें, म्हणून दुकानदार दोन बाटल्या नेहमीं बाळगतो. म्हणजे कपाट रोगाच्या मागून चालत नाहीं, तें चिठ्ठीच्या मागून चालतें. आणि चिठ्ठी सूक्ष्मदर्शकाच्या मागून. जेथें बुरशी ओळखणारा कोणी नाहीं, तेथें तिचें औषध मागणारा कोणी नाहीं. आणि मागणारा नाहीं म्हणून तो रोगच तेथें नाहीं, असा कपाटाचा निर्वाळा! जेऊरच्या आठवड्याच्या बाजारांत मी हल्लीं माणसांच्या चेहऱ्यांकडे निराळ्या नजरेनें पाहतों. एका डोळ्यांत पांढरें फूल पडलेले किती तरी म्हातारे, किती तरी मजूर बाया तेथें दिसतात. विचारलें तर ‘पातं लागलं हुतं’, ‘काडी गेली हुती’, असें कांहींसें सांगून तीं माणसें पुढें जातात. यांतल्या प्रत्येकाचें कारण बुरशीच होतें असें मी म्हणणार नाहीं. पण तीं कोणत्याही दुकानदाराच्या वहींत गिऱ्हाईक म्हणून नोंदलीं गेलीं नाहींत, एवढें मात्र खरें.

यावर उपाय फार मोठा आहे असेंही नाहीं. गळिताच्या हंगामापुरत्या चार बाटल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत असाव्या, साखर कारखान्याच्या दवाखान्यांत असाव्या. ऊसतोडीच्या टोळीला कोयत्याबरोबर साधा चष्मा मिळावा. आणि डोळ्याला पातें लागलें तर लाली घालविणारे थेंब चिठ्ठीवांचून कोणीं देऊं नयेत व कोणीं मागूं नयेत. कांहीं बाटल्या वापराविना मुदतबाह्य होतील, हें मी जाणतों. पण आपण घराला रात्रभर कडी लावतों, आणि चोर आला नाहीं म्हणून सकाळीं ती कडी फुकट गेली असें म्हणत नाहीं. कपाटाच्या कोपऱ्यांत वर्षभर धूळ खात उभी राहिलेली बाटलीही अशीच आहे. ती विकली गेली नाहीं, तरी तिनें वर्षभर कोणाच्या तरी डोळ्याची राखण केलेली असते.